रेषेच्या अलीकडून लढलेले युद्ध

दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात जो सुपीक टापू आहे, त्याला लोक राहू बेट म्हणतात. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. उसाचे फड, धुरकटलेली गुऱ्हाळे, कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या आणि अलीकडच्या काळात उसात दडणाऱ्या बिबट्याची धास्ती, अशी या भागाची ओळख आहे. पण राहूला आणखी एक शेजार आहे, तो आकाशातला. तीस-चाळीस किलोमीटरवर लोहगावचा हवाईदलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, इंग्रजांनी तो उभारला. रशियाकडून आलेली सुखोई विमाने १९९७ मध्ये पहिल्यांदा इथेच दाखल झाली. तेव्हापासून भीमाकाठच्या शिवारात खुरपणी करणाऱ्या बायाबापड्यांनाही या विमानांचा आवाज ओळखू येतो. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ कोलवडीच्या शिवारात एक सुखोई कोसळले. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले आणि वाचले. त्या दिवशी हा शेजार किती जवळचा आहे, हे साऱ्या पंचक्रोशीला कळले.

विमान डोक्यावरून जाते तेव्हा नजर वैमानिकाचा वेध घेते. त्याच्या धाडसाचे कौतुक वाटते आणि ते वाटलेच पाहिजे. मात्र युद्धाच्या वेळी ते विमान कुठे जाणार, कोणत्या उंचीवरून जाणार, काय घेऊन जाणार आणि मुळात जाणार की नाही, हे ठरवणारा माणूस कुणाला दिसत नाही. त्याच्या निर्णयावर वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात आणि खाली कड्याला चिकटून चढणाऱ्या जवानाचेही. हा लेख अशा एका माणसाविषयी आहे. एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हे कारगिल युद्धात भारताचे हवाईदलप्रमुख होते. एका मराठी माणसाने एवढ्या अवघड युद्धात हवाईदलाची धुरा वाहिली, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही.

आधीची वाट

हवाईदलाच्या प्रमुखपदावर पोचलेल्या मराठी माणसांची परंपरा हृषीकेश मुळगावकरांपासून सुरू होते. १९४० मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, ते हवाईदलात दाखल झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमाने शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरली आणि काश्मीरची पहिली लढाई सुरू झाली. त्या लढाईत श्रीनगरहून झालेल्या हवाई कारवायांचे नेतृत्व केल्याबद्दल मुळगावकरांना महावीरचक्र मिळाले. पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते हवाईदलप्रमुख होते. २०१५ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर टिपणीस, मग प्रदीप वसंत नाईक आणि अलीकडे नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी असे आणखी मराठी अधिकारी या पदावर आले. चौधरी कारगिलच्या हवाई मोहिमेत लढाऊ वैमानिक म्हणून सहभागी होते. म्हणजे काश्मीरच्या आकाशाशी या परंपरेचे नाते पाऊणशे वर्षांहून जुने आहे.

टिपणीसांचा जन्म १५ सप्टेंबर १९४० चा. २८ मे १९६० रोजी ते लढाऊ वैमानिक म्हणून हवाईदलात रुजू झाले. त्यांच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतच देशाने तीन युद्धे पाहिली, आणि हवाईदलाच्या वापराबाबत या युद्धांनी तीन वेगवेगळे धडे दिले. १९६२ मध्ये चीनविरुद्ध लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे रसद पोचवत राहिली, पण बॉम्ब टाकण्याची परवानगी दिल्लीने दिली नाही. १९६५ मध्ये नेमके उलट घडले. १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्कराने हवाई मदत मागितली आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाईदलप्रमुख अर्जनसिंग यांना तत्काळ होकार दिला. सूर्यास्ताच्या आत पठाणकोटहून विमाने निघाली. निर्णय बिनचूक होता, पण जी विमाने हाताशी होती त्यांत जुनाट व्हॅम्पायर होती. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. १९७१ मध्ये मात्र तयारीला वेळ मिळाला, योजना पक्की झाली आणि पूर्वेचे आकाश काही दिवसांत भारताच्या ताब्यात आले.

उशिराने होणारे नुकसान, घाईने होणारे नुकसान आणि तयारीचे मोल, हे तिन्ही पाहिलेल्या पिढीतला हा अधिकारी ३१ डिसेंबर १९९८ रोजी हवाईदलप्रमुख झाला. पुढे काय वाढून ठेवले आहे याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. पाच महिन्यांत कारगिल पेटले.

मे महिन्यातला पेच

मे १९९९ च्या पहिल्या आठवड्यात द्रास, कारगिल आणि बटालिकच्या शिखरांवर घुसखोर दिसल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सुरुवातीला ही मूठभर अतिरेक्यांची टोळी असावी असा समज होता. प्रत्यक्षात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान श्रीनगर-लेह महामार्गावर नजर ठेवून शिखराशिखरांवर मोर्चे बांधून बसले होते. खालून चढणाऱ्या आपल्या जवानांना आडोसा नव्हता. उघड्या कड्यांवर वरून गोळीबार होत होता. अशा वेळी लष्कराने हवाईदलाकडे हेलिकॉप्टरे मागितली, हे अगदी स्वाभाविक होते. आपली माणसे डोळ्यांसमोर पडत असताना कोणता सेनापती मदत मागणार नाही?

टिपणीसांच्या पुढे दोन प्रश्न होते आणि दोन्ही कठीण होते. पहिला प्रश्न यंत्राचा. रणगाड्यांवर हल्ला करणारी एमआय-२५ आणि एमआय-३५ हेलिकॉप्टरे दहा हजार फुटांच्या वर शस्त्रांचा भार घेऊन लढू शकत नव्हती. लक्ष्ये होती चौदा ते अठरा हजार फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पात्याला पुरेशी उचल मिळत नाही आणि इंजिनाचे बळ घटते. उरली एमआय-१७. मुळात ती सैन्य आणि सामान वाहून नेणारी. रॉकेट लावून ती पाठवता येत होती, पण खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात ती आयतीच सापडली असती.

दुसरा प्रश्न राज्यव्यवहाराचा होता. रायफल आणि तोफा सीमेवर वर्षानुवर्षे चालत होत्या. हवाई हल्ला ही वेगळ्या पायरीची गोष्ट आहे. अण्वस्त्रांच्या चाचण्या होऊन जेमतेम वर्ष झाले होते. अशा दोन देशांमध्ये विमानांनी बॉम्ब टाकायचे तर तो निर्णय सरकारचा हवा, एका सेनादलाने दुसऱ्याला केलेल्या विनंतीवर ते होऊ नये, असे टिपणीसांचे म्हणणे होते. त्या आठवड्यांत लष्कर आणि हवाईदल यांच्यात बरीच ताणाताणी झाली. लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना आपल्या जवानांसाठी तातडीने आधार हवा होता. टिपणीस यंत्राची मर्यादा आणि सरकारची मंजुरी या दोन मुद्द्यांवर ठाम होते. दोघेही आपापल्या माणसांच्या जिवाचाच विचार करत होते.

२१ मे रोजी टेहळणीसाठी गेलेल्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले. स्क्वाड्रन लीडर ए. पेरुमल यांनी एका इंजिनावर ते विमान श्रीनगरला सुखरूप उतरवले. वर कोण बसले आहे आणि त्यांच्या हाती काय आहे, याबद्दलचा उरलासुरला संशय त्या दिवशी संपला.

२५ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत हवाईदलाला हिरवा कंदील मिळाला. टिपणीसांनी नियंत्रण रेषा ओलांडण्याची मुभा मागितली. वाजपेयींनी ती ठामपणे नाकारली. रेषा ओलांडायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, २६ मे रोजी, ऑपरेशन सफेद सागर सुरू झाले.

चार सेकंदांत एक किलोमीटर

रेषा न ओलांडण्याची अट कागदावर साधी दिसते. कॉकपिटमध्ये ती कशी दिसते, ते समजून घेतले पाहिजे. लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असेल तर चार सेकंदांत एक किलोमीटर कापते. शत्रूचे मोर्चे नियंत्रण रेषेपासून अवघ्या काही किलोमीटरवर होते. सरळ पलीकडच्या दिशेने झेप घेऊन बॉम्ब टाकला आणि वळण घ्यायला जरा उशीर झाला, की विमान पाकिस्तानच्या बाजूला. म्हणून वैमानिकांना रेषेला समांतर यावे लागे आणि तेही मागेपुढे उंच शिखरे असलेल्या अरुंद घळींतून. शत्रूची रसद ज्या वाटेने आणि ज्या तळावरून येत होती, ते पलीकडचे मूळ तोडायची मनाई होती.

बॉम्बचे गणितही बदलले होते. नेमबाजीचे कोष्टक सपाट प्रदेशातल्या हवेवर बेतलेले असते. विरळ हवेत बॉम्बला अडथळा कमी होतो आणि तो अपेक्षेपेक्षा पुढे जातो. मैदानात दहा-वीस मीटरची चूक झाली तरी स्फोटाचा परिणाम होतो. धारदार कड्यावर तेवढ्या चुकीने बॉम्ब दरीत जातो आणि मोर्चाला धक्काही लागत नाही. लक्ष्य म्हणजे दगडांनी रचलेला, बर्फात आणि खडकांत मिसळून गेलेला एक लहानसा बंकर. एवढ्या उंचीवर, एवढ्या लहान लक्ष्यांविरुद्ध लढण्याचा तयार अनुभव हवाईदलांच्या जागतिक इतिहासातही नव्हता.

पहिल्या तीन दिवसांनी याची किंमत वसूल केली. २७ मे रोजी बटालिक भागात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन रॉकेट डागल्यानंतर बंद पडले. ते पॅराशूटने उतरले आणि पाकिस्तानच्या हाती लागले. त्यांचा शोध घेण्यासाठी घिरट्या घालणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले आणि आहुजा परत आले नाहीत. २८ मे रोजी तोलोलिंग शिखरावर रॉकेटचा मारा करणारे एमआय-१७ पडले. त्यात स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू हे चौघे होते. क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी सोडायच्या जळत्या फ्लेअरची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती.

ज्या हेलिकॉप्टरांबद्दल टिपणीसांना सुरुवातीपासून शंका होती, त्यांच्या वापराला सहकाऱ्यांशी झालेल्या ताणानंतर त्यांनी अखेर संमती दिली होती. चौघे गेले. या ठिकाणी सेनानीची खरी परीक्षा सुरू होते. मी आधीच सांगत होतो, असे म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. इभ्रतीसाठी त्याच पद्धतीने आणखी माणसे पाठवत राहणे हेही सोपे असते. हवाईदलाने यातले काहीच केले नाही. हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून काढून घेतली. विमानांना क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर, तीस हजार फुटांच्या आसपास नेले. आणि तेवढ्या उंचीवरून नेम कसा साधायचा, या प्रश्नाला सगळे दल भिडले.

शिकलेले युद्ध

यानंतरच्या चार आठवड्यांत जे घडले ते मला या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे वाटते. मिग-२१ च्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच यांच्या मदतीने रात्रीची बॉम्बफेक सुरू केली. ओळखीच्या खुणेवरून घड्याळाचे बटण दाबायचे, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने जायचे आणि ठरल्या सेकंदाला बॉम्ब सोडायचा. डोंगराळ भागात चांदण्याच्या उजेडात हे करणे म्हणजे जिवावरचा खेळ. मिग-२१ च्या १७ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे विंग कमांडर बिरेंद्रसिंग धनोआ स्वतः अशा रात्रीच्या मोहिमांवर गेले. तेच पुढे हवाईदलप्रमुख झाले.

दुसरीकडे मिराज-२००० मैदानात उतरवली. ग्वाल्हेरची ही विमाने पंजाबमधल्या आदमपूरहून उड्डाण करू लागली. १७ जून रोजी बटालिक भागातल्या मुंथो ढालो इथल्या शत्रूच्या मोठ्या रसद-तळावर त्यांनी साधे, दिशा न बदलणारे बॉम्ब टाकले आणि तो तळ उद्ध्वस्त केला. तंबू, साठे आणि माणसे सारे एका ठिकाणी असल्यामुळे या एका हल्ल्याने बटालिकच्या शिखरांवरच्या मोर्चांचे दाणापाणी तुटले.

पण एकट्या बंकरसाठी लेझरची गरज होती. इस्रायलकडून आलेले लाइटनिंग पॉड मिराजवर जोडण्याचे काम अभियंते आणि तंत्रज्ञांनी काही दिवसांत उरकले. त्याची रीत अशी. विमानाच्या पोटाखाली असलेल्या पॉडमधला कॅमेरा जमिनीचे चित्र कॉकपिटमधल्या पडद्यावर आणतो. वैमानिक फुलीचे चिन्ह बंकरवर बसवतो आणि लेझरचा अदृश्य किरण सोडतो. बॉम्बच्या नाकावरचा डोळा बंकरवरून परत येणारा तो किरण ओळखतो आणि नाकाजवळचे छोटे पंख हलवत त्या ठिपक्याकडे झेपावतो. बॉम्ब खाली पोचेपर्यंत फुली हलता कामा नये आणि मध्ये ढग येता कामा नये. द्रासच्या शिखरांवर जून महिन्यात ढग कधी येतील याचा नेम नसतो.

२४ जून १९९९ रोजी मिराजने टायगर हिल या शिखरावरच्या कमांड पोस्टवर लेझर बॉम्ब टाकला. त्या मोहिमेत दोन आसनी मिराजच्या मागच्या आसनावर स्वतः हवाईदलप्रमुख टिपणीस होते. ५८ वर्षांचे, चाळीस वर्षांची सेवा होत आलेले प्रमुख युद्धक्षेत्रात वैमानिकांबरोबर उडाले. हे काम त्यांच्या पदाचे नव्हते. प्रमुखाने दिल्लीत बसून धोरण आखायचे, प्रत्यक्ष लढाई चालवण्याची जबाबदारी वेस्टर्न एअर कमांडचे एअर मार्शल विनोद पाटणी यांच्याकडे होती. तरीही टिपणीस गेले, कारण ज्या अटींमध्ये आपण वैमानिकांना लढायला सांगितले आहे, त्या अटी कॉकपिटमधून कशा दिसतात हे त्यांना पाहायचे होते. माणसांना हुकूम देणाऱ्याने त्यांच्या जागी एकदा तरी बसले पाहिजे, हे तत्त्व सेनादलातच नाही, कुठेही लागू पडावे.

४ जुलै रोजी भारतीय जवानांनी टायगर हिल जिंकले. ते यश पायदळाचेच. छातीशी रायफल धरून दोरावरून कडे चढणाऱ्यांनीच शिखर घेतले आणि त्याची बरोबरी कोणताही बॉम्ब करू शकत नाही. हवाईदलाने केले ते असे की वरच्यांची रसद आटवली, त्यांचे संपर्क तोडले, रात्रीची झोप हिरावून घेतली आणि चढणाऱ्या माणसाचे काम शक्य कोटीत आणले. २६ जुलैला युद्ध संपल्याचे जाहीर झाले. या युद्धात भारताचे ५२७ जवान शहीद झाले. आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रेषा ओलांडली गेली नाही. जगाने कारगिलमध्ये भारताची बाजू उचलून धरली, त्यात या संयमाचा वाटा फार मोठा होता.

सार्जंटचे काम

या हकिकतीत एक गोष्ट सहज निसटते. २८ मे रोजी पडलेल्या हेलिकॉप्टरमधल्या चौघांपैकी दोघे अधिकारी होते आणि दोघे सार्जंट. पॉड जोडणारे, बॉम्बला पंख बसवणारे, रात्रभर इंजिन उघडून बसणारे तंत्रज्ञ हे याच वर्गातले. हवाईदल म्हणताच आपल्याला वैमानिक दिसतो, पण एका वैमानिकामागे जमिनीवर कितीतरी हात राबत असतात. दौंड, शिरूर, बारामती या तालुक्यांतून सेनादलात जाणारी मुले बहुतेक याच हातांमध्ये असतात. राहूसारख्या गावातल्या मुलाने बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र चांगले केले तर हवाईदलात भरतीची वाट खुली असते आणि अधिकारी व्हायचे असेल तर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. कारगिलमधली शिकवण अशी की लढाईत जितके धाडस लागते तितकेच गणित लागते. विरळ हवेत बॉम्ब किती पुढे जाईल, हे ज्याला मांडता आले त्यानेही ते युद्ध जिंकले.

मागे राहिलेली नोंद

टिपणीसांची कारकीर्द कारगिलवर संपली नाही. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे ॲटलांटिक विमान हवाईदलाच्या मिग-२१ ने पाडले, तेव्हाही तेच प्रमुख होते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचा हवाईदलाचा तळच उद्ध्वस्त झाला आणि तरी त्या तळावरून मदतीची विमाने चढउतार करत राहिली. संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर सैन्याची जमवाजमव सुरू असताना, ३१ डिसेंबर २००१ रोजी, ते निवृत्त झाले.

२००६ मध्ये त्यांनी कारगिलच्या मे महिन्याची आपली बाजू एका नियतकालिकात सविस्तर लिहिली. लष्कराशी झालेले मतभेद, बैठकांमधला ताण, सरकारकडे मागितलेली मुभा आणि मिळालेला नकार हे सारे त्यात आहे. त्याच वर्षी जनरल मलिक यांचे पुस्तक आले. दोघांच्या आठवणी सगळीकडे जुळत नाहीत. त्यात वाईट काही नाही. जबाबदारीच्या जागेवर बसलेल्या दोन माणसांनी आपापल्या मतभेदांसह घडलेले लिहून ठेवले, म्हणूनच पुढच्या पिढीला त्या युद्धातून काही शिकता येते. गौरवगीतांतून अभिमान मिळतो, शिकणे मात्र अशा नोंदींतूनच होते.

माझे मत स्पष्ट आहे. मोठा सेनानी कोण हे केवळ तो किती जोराने लढला यावर ठरत नाही. आपल्या हत्याराची मर्यादा त्याने वेळेवर सांगितली का, सरकारने घातलेली मर्यादा मनापासून पाळली का, आणि चूक दिसताच किती दिवसांत पद्धत बदलली, यावर ते ठरते. या तिन्ही कसोट्यांवर अनिल टिपणीसांचे नाव मुळगावकरांच्या शेजारी आदराने घ्यावे लागेल. युद्धाचा ज्वर चढला की चौकाचौकांत आणि पडद्यापडद्यांवर सीमा ओलांडण्याची भाषा सुरू होते. त्या गलक्यात हे आठवावे की कारगिल आपण रेषेच्या अलीकडून लढून जिंकले आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत, वाडीवस्तीवर सेनादलातून निवृत्त झालेले कुणी असेल, मग ते अधिकारी असोत, सार्जंट असोत की शिपाई, त्यांच्याकडून त्यांची नोकरी ऐकून घ्या आणि मराठीत लिहून ठेवा. कोणत्या तळावर होते, कोणत्या यंत्रावर काम केले, कारगिलच्या वेळी कुठे होते, काय चुकले आणि काय सुधारले, हे विचारा. त्यांतले अनेक जण आता साठी-सत्तरीत आहेत. हे काम पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवू नका.